शुक्रवारची शाळा

मार्च लागला की आमच्या मांजर्लीत घराघरातून पुटपुटणं ऐकू येतं. पोरं परीक्षेला बसलेली असतात. आमच्या घरात रंजू आहे, माझी नणंद, अकरावी कॉमर्सला. पहाटे उठते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसते, पुस्तक गुडघ्यावर ठेवते आणि पुढेमागे डुलत एकच ओळ घोकते. या आठवड्यात अर्थशास्त्र चाललंय. गरजा अमर्याद असतात. साधनं मर्यादित असतात. म्हणून माणसाला निवड करावी लागते.

मी तिच्यामागे भाकऱ्या थापत असते. ती ओळ आली की माझा हात जोरात पडतो आणि भाकरी कडेला फाटते.

कोणत्या माणसाला, असं मी एकदा विचारलं. रंजू हसली. म्हणाली, "वहिनी, तसं नसतं विचारायचं. दोन मार्कांना आहे. व्याख्या लिहायची आणि पुढं जायचं."

रंजू हुशार आहे. या घरात ती दहावीच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. पण काल संध्याकाळी सासूबाईंनी एक गोष्ट ठरवली आणि माझं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही. मला सातवा महिना लागलाय. आमच्या बिल्डिंगचा नळ खाली कोपऱ्यात आहे, पाणी वर चढत नाही, आणि उन्हाळ्यात ते फक्त पहाटे येतं. आजवर मीच भरत होते. आता दोन जिने हंडा चढवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणून त्या म्हणाल्या, "उद्यापासून रंजू जाईल नळाला. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पाऊस पडला की सगळं सुरळीत होतंय."

पहाट हीच तिची वाचायची वेळ आहे. बाकी दिवसभर एका खोलीत टीव्ही, पाहुणे, शेजारणी, कुकरच्या शिट्ट्या. परीक्षा पुढच्या महिन्यात. हे, म्हणजे तिचे दादा, पलंगावर पाय पसरून पेपर वाचत होते. त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. पाण्याच्या गोष्टीत त्यांचं नाव येऊ शकतं हे कोणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दोन-तीन महिन्यांचा प्रश्न. हे बोलणं मी आधी ऐकलेलं आहे.

उल्हासनगरच्या शेवटच्या कॅम्पात, अंबरनाथ सुरू व्हायच्या जरा अलीकडे, आमची चाळ होती. मी तेव्हा पाचवीत होते. चौथीत पहिल्या पाचात आले होते म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, चाळीत गोळ्या वाटल्या होत्या. अण्णा देशावरून आलेले. त्यांच्या गावात आमच्या लोकांना विहिरीच्या काठावर उभं राहून कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघावी लागायची. चाळीतला नळ दाखवून ते पाहुण्यांना सांगायचे, "इथं कुणाच्या बापाचा नळ नाही. आपण आपल्या हातानं उघडायचा." भिंतीवर फोटो होता. शिका, असं सांगणारा. अण्णा रोज कामावर जाताना त्या फोटोला हात जोडायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीतच नळ आटला. म्हणजे अगदी आटला असं नाही. पाणी यायचं, पण कधी येईल ते कोणाला माहीत नसायचं. सायकलवर एक माणूस यायचा, त्याच्याजवळ लांब लोखंडी चावी असायची. रस्त्यातलं झाकण उघडून तो चावी फिरवायचा आणि मग नळ फुरफुरायचा. आम्ही त्याला चावीवाला म्हणायचो. तो कधी सकाळी सातला यायचा, कधी अकराला, कधी दुपार करायचा. आला की अर्धा-पाऊण तास पाणी. त्या वेळी तुम्ही नळावर नसलात तर त्या दिवशी तुमचं घर कोरडं.

हंडे भरायला काही वेळ लागत नाही. सगळा वेळ वाट बघण्यात जातो. आणि वाट बघायला एक माणूस लागतं. रांगेत डबे, विटा, फुटकी घमेली ठेवून नंबर लावलेले असायचे, पण नियम असा होता की डब्याशेजारी माणूस हवं. माणूस नसेल तर मागचीनं तुमचा डबा पायानं बाजूला सारला तरी कोणी बोलायचं नाही. आमचा डबा तेलाचा होता, एक कान तुटलेला.

अण्णांची पाळी सकाळची. आई सिंधी लोकांच्या बंगल्यांवर धुणीभांडी करायची, तेही सकाळीच; धाकट्या भावाला बरोबर न्यायची. राहिलो आम्ही दोघं, मी आणि माझा सातवीतला दादा. आधी दादाला पाठवलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आई अजून म्हणते, "आधी त्यालाच पाठवला होता, हो." दादा पहिल्याच दिवशी कोणाशी तरी भांडला. शर्ट फाडून आला, हंड्याला पोचा पाडून आला, आणि पाणी नाहीच. दुसऱ्या दिवशी रांग सोडून गोट्या खेळायला गेला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "त्याच्यानं नाही व्हायचं. मंगल शांत आहे. मंगल करील."

मी केलं. मला बोलता येत नव्हतं, भांडता येत नव्हतं, चार माणसांत मान वर करता येत नव्हती. म्हणजे माझ्यात जी उणीव होती तीच माझी लायकी ठरली. ज्यानं काम बिघडवलं तो शाळेत गेला आणि जिनं नीट केलं तिच्या गळ्यात ते पडलं. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तू शहाणी आहेस ना." त्या दिवसापासून मला कोणी शहाणी म्हटलं की पुढे काम येणार हे मी ओळखते.

आठवड्यातला एकच दिवस वेगळा होता. शुक्रवारी कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी चावीवाला उजाडायच्या आत यायचा, आणि पाणी असं यायचं की नळाखाली धरलेला तांब्या हातातून निसटायचा. बायका हसायच्या, परकर धुवून घ्यायच्या, पोरांना तिथंच न्हाऊ घालायच्या. माझे हंडे शाळेची घंटा व्हायच्या आधी भरून व्हायचे. मी ओल्या केसांनी दप्तर घेऊन पळायची.

असं का, ते मी अण्णांना विचारलं होतं. ते सुट्टीचे म्हणून अंथरुणातच होते. म्हणाले, "अगं, आज कंपन्या बंद. त्यांना आज पाणी नको. म्हणून आपल्याला." ऊन पडलंय किंवा ढग आलेत, असं सांगावं तसं सांगितलं आणि कुशीवर वळले. मीही ऐकून घेतलं. आज मला त्या दोघांचा राग येतो, सांगणाऱ्या बापाचा आणि मान हलवणाऱ्या पोरीचा. पाणी होतं. धरणात होतं, नदीत होतं, जमिनीखालच्या त्याच पाइपात होतं. आठवड्यातले सहा दिवस ते आमच्या अंगणाखालून पुढे जात होतं. रंजूचं पुस्तक म्हणतं साधनं मर्यादित असतात. मर्यादा कोण घालतं ते एका ओळीत लिहायला काय हरकत होती.

अण्णांच्या रंगाच्या कंपनीत पाइप उघडाच असायचा. जमीन धुवायला, पिंपं धुवायला, कामगारांचे हात धुवायला. ते तिथंच आंघोळ करून यायचे. गेटवर वॉचमन पिशव्या तपासायचा, बाहेर काही न्यायचं नाही. तरी अण्णा जेवणाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून आणायचे. तीन पुडांचा डबा. वरच्या पुडातलं पाणी लोणच्याच्या वासाचं, मधल्यातलं भाजीचं, खालच्यात तेलाचे डोळे तरंगायचे. आई ते फडक्यातून गाळून माठात ओतायची. आणि आई स्वतः सकाळभर कोपरापर्यंत पाण्यात असायची. बंगल्यांच्या गच्चीवर मोठ्या टाक्या होत्या, मोटर होती. ती दुसऱ्यांची भांडी धारेखाली धुवायची आणि घरी येऊन आमची राखेनं घासून ओल्या फडक्यानं पुसायची.

शाळेत मी शुक्रवारची मुलगी झाले. आमच्या बाई हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायच्या. "आल्या का शुक्रवारच्या बाई? या, या. बसा." पोरी फिसकन हसायच्या. बाई वाईट नव्हत्या, पण मी का येत नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी भूगोल असायचा, चित्रकला असायची, शेवटच्या तासाला शिवण. माझं पाचवीचं शिक्षण एवढंच. मला नद्या येतात. कोणती कुठे उगम पावते, कोणती कोणाला मिळते, सगळं येतं. उल्हास नदी आमच्या बाईंनी फळ्यावर निळ्या खडूनं काढली होती. अपूर्णांक मला येत नाहीत. अपूर्णांक सोमवार ते गुरुवार शिकवले गेले.

एकदा मात्र मी मंगळवारी गेले होते. रांगेत माझ्या पुढे एक सिंधी चाची असायची. तिच्या घरी टाकी नव्हती, आमच्यासारखीच गरीब, पापड लाटून विकायची. ती म्हणाली, "ए छोरी, रोज इधर क्या करती है? स्कूल जा. तेरा डब्बा मैं देखती हूँ." मागच्या शेवंतामावशी लगेच म्हणाल्या, "डब्यापाशी माणूस पायजे. नियम सगळ्यांना सारखा." चाची वळली आणि म्हणाली, "मैं आदमी नहीं दिखती तेरे को? दो डब्बे के लिए दो टांग हैं मेरे पास." सगळी रांग हसली. मी दप्तर आणायला पळाले.

त्या दिवशी वर्गात अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. फळ्यावर आकड्यांखाली आकडे, मध्ये रेघा, आणि बाई म्हणत होत्या खालचा वर करा, वरचा खाली. सगळ्या पोरी करत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. शेजारची सरस्वती पाटीवर हात धरून बसली, मी बघीन म्हणून. मधल्या सुट्टीत मी परत आले. चाचीनं आमचे हंडे भरून दाराशी ठेवले होते आणि शेवंतामावशींशी तिचं भांडणही होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जा." मी मान हलवली. नको म्हणाले. ते नको माझं होतं, कोणी माझ्यावर लादलं नव्हतं. पुस्तकातल्या माणसाला हीच माझी निवड वाटेल. शाळा आणि रांग यांत मुलीनं रांग निवडली, असं तो लिहील आणि दोन मार्क घेईल.

परीक्षेच्या आठवड्यातही चावीवाला तसाच येत होता. मी चित्रकलेचा पेपर दिला, तो शुक्रवारी होता म्हणून. फुलदाणी काढायची होती. रंगासाठी प्रत्येकीनं घरून बाटलीत पाणी आणायचं होतं. आई म्हणाली, "रंगवायला पाणी? डोकं फिरलं का तुझ्या बाईंचं?" मी पेन्सिलीनं फुलदाणी काढून दिली. कागद घेताना बाई म्हणाल्या, "रंग कुठंय?" बाकीच्या पोरींचे कागद ओले होते, खिडकीत वाळत टाकले होते. मला ते कागद अजून दिसतात. नववर्षाची, जयंतीची, कसलीच रंगीत चित्रं मला आवडत नाहीत.

मग पाऊस आला. नळ धो धो वाहू लागला, चावीवाला वेळेवर येऊ लागला, रांग मोडली, डबे आपापल्या घरी गेले. टंचाई संपली. मी दप्तर काढून झटकलं. तोवर शाळेनं माझं नाव काढून टाकलेलं होतं. ते परत घालता आलं असतं, अण्णा जाऊन बोलले असते तर. पण मी सकाळची घरात असते हे धरून आईनं आणखी एक बंगला घेतला होता. धाकट्याला बघायला मी होते, दादाचा डबा करायला मी होते. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." अण्णा शाळेत गेले नाहीत. कामावर जाताना फोटोला हात मात्र जोडले.

यावर मी फार विचार केला आहे. कमी असतं तेव्हा माणसं कोणाला तरी पुढे करतात, ते एक वेळ समजतं. पण भरपूर झालं तरी त्याला कोणी परत बोलावत नाही. रांग मोडते, मुलगी तिथंच राहते. तिच्यावर पुढचं सगळं रचलेलं असतं. ती हलली तर कोणाचा तरी डबा चुकेल.

दादा आता कल्याणला कचेरीत आहे. त्याच्या घरी नळ चोवीस तास. सणाला सगळे जमलो की तो पोरांना सांगतो, "तुम्हाला काय कळणार? आम्ही पाण्यासाठी किती हाल काढलेत. आम्ही रांगेत उभे राहून अभ्यास केलाय." 'आम्ही' म्हणतो तो. मी त्याला वाढत असते. त्याच्या जुन्या पुस्तकांवरच मी पुढे वाचायला शिकले, तेवढे त्याचे उपकार आहेत. पण त्या 'आम्ही'मध्ये मी आहे की नाही, हे विचारायला माझी जीभ कधी उचलली नाही. एकदा आमटी त्याच्या पानाबाहेर सांडली. "हळू ग," म्हणाला.

काल रात्रीच्या जेवणाआधी रंजू नवीन धडा घोकत होती. वस्तूंचे प्रकार. काही वस्तू फुकट मिळतात, त्यांना किंमत द्यावी लागत नाही. उदाहरणार्थ हवा, सूर्यप्रकाश, नदीचं पाणी.

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. ती ओळ बोटानं वाचली. तेच लिहिलं होतं.

"रंजू, हे ज्यानं लिहिलं त्याच्या घरी पाणी कोण भरतं?"

ती म्हणाली, "वहिनी, परीक्षेत असं लिहिलं तर शून्य देतील." मग पुस्तक परत घेत म्हणाली, "दुसरी एक व्याख्या आहे बघा. एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावी लागते. जी सोडली, तीच घेतलेल्या गोष्टीची खरी किंमत."

ती व्याख्या मला आवडली. राग आला तरी आवडली. निदान त्यात कोणीतरी सोडलं गेलंय हे कबूल केलेलं आहे. दाराबाहेर सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, "सुनेला जपावं लागतं हो आता. पोरगी करील पाण्याचं." म्हणजे या वेळी किंमत रंजू होती, आणि ज्याच्यासाठी द्यायची तो माझ्या पोटात होता. त्याला मी काय सांगणार होते?

आज पहाटे नळ आला. खालून पहिल्या हंड्याचा आवाज आला तशी रंजूनं पुस्तक मिटलं, ओढणी कमरेला बांधली आणि कळशी उचलली.

"ठेव ती," मी म्हणाले. "बस. वाच."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, पाणी जाईल."

"जाऊ दे."

त्या उठून बाहेर आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, कारण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्या बोलण्यावर बोललेली त्यांना आठवत नसेल. "मग कोण भरणार? तू?"

"मी नाही. आणि रंजू पण नाही."

तिसरं कोण राहतं ते मी म्हणाले नाही. पलंगावर चादरीखाली यांचे पाय हलायचे थांबले होते. झोपलेल्या माणसाचे पाय असे थांबत नाहीत. मी दारात पाट टाकून बसले, म्हणजे कोणालाही जायचं तर माझ्यावरून जावं लागलं असतं. रंजू पुस्तक उघडून बसली पण पुटपुटत नव्हती. खाली हंडे भरत होते, बायका बोलत होत्या, मग नळ खोकला आणि बंद झाला.

घरात कालचं एक कळशी पाणी होतं. सासूबाईंनी ते झाकून ठेवलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. हे उठले, माठापाशी गेले, परत आले. "पाणी?"

"भरलं नाही."

"का?"

"कोणी गेलं नाही."

"मी बायकांच्या रांगेत कसा उभा राहू?" मी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले. तोंड न धुता, आंघोळ न करता आनंदनगरला कामावर गेले. कंपनीत नळ असेल. रंजूही तशीच कॉलेजला गेली. जाताना माझ्याकडे बघितलं, हसली नाही, काही नाही. दिवसभर आम्ही दोघी सासू-सुना वाटीवाटीनं पाणी प्यायलो. बाळ आत सारखं हलत होतं. मला भीती वाटत होती आणि रागही कमी होत नव्हता. इथपर्यंत मी काल संध्याकाळी लिहिलं होतं. पुढचं आज, दुसऱ्या दिवशी लिहिते आहे.

आज पहाटे हे उठले. कोणाशी न बोलता दोन हंडे घेऊन खाली गेले. मी खिडकीत उभी राहिले. बायकांनी त्यांना बघितलं आणि एकमेकींना कोपरानं डिवचलं. मग तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "काय भाऊ, वाट चुकलात? पुरुषांची रांग तिकडं, दारूच्या दुकानावर." सगळ्या खिदळल्या. हे मान खाली घालून उभे राहिले. एका पोरीनं त्यांचा हंडा पायानं मागे सारला, त्यांनी तो परत पुढे घेतला नाही. शेवटी त्यांचा नंबर आला. माझ्यामागे रंजूचं पुटपुटणं सुरू झालं होतं.

जिन्यावर पाणी सांडत, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजवून ते वर आले. दोन्ही हंडे अर्धेच राहिले होते. ते त्यांनी माझ्यासमोर आपटले.

"झालं समाधान?"

मी हंड्यात वाकून बघितलं.

"अजून दोन खेपा लागतील," मी म्हणाले. "नळ चालू आहे."